१५ दिवसांचे ४५ होतात तेव्हा

२०१८ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी सुमारे १० लाख ८० हजार अर्ज गेले. २०२४ मध्ये गेले ११ लाख ८ हजार २३९. मध्ये महासाथ येऊन गेली, विमाने जमिनीवर थांबली, पुन्हा उडाली, आणि सहा वर्षांनी अर्जांची संख्या जवळपास होती तिथेच आली. नकारांची संख्या मात्र मागे आली नाही. २०१८ मध्ये नकाराचे प्रमाण ९ टक्क्यांच्या थोडे वर होते. २०२४ मध्ये १ लाख ६५ हजार २६६ अर्ज नाकारले गेले, म्हणजे शंभरामागे १५. त्याआधीच्या वर्षी, २०२३ मध्ये, ९ लाख ६६ हजार ६८७ अर्जांपैकी १ लाख ५१ हजार ७५२ नाकारले गेले होते. ते प्रमाण १५.७ टक्के होते. २०१८ च्या तुलनेत २०२४ मध्ये अर्ज जवळपास तेवढेच, नकार दीडपटीहून जास्त.

हे आकडे पाहून भारतीयांवर विशेष राग धरला जातोय, असे म्हणण्याचा मोह होतो. पण २०२४ मध्ये जगभरातून आलेल्या १ कोटी १७ लाख शेंगेन अर्जांचे नकाराचे सरासरी प्रमाण १४.८ टक्के होते. आपण त्या सरासरीवरच उभे आहोत. जगभर छाननी कडक झाली आणि आपणही तिच्यात आलो, इतकेच या आकड्यांवरून म्हणता येते.

वर्षाचे कामाचे दिवस २५० धरले तर भारतातून रोज सुमारे ४,४०० अर्ज तपासले जातात आणि रोज सुमारे ६६० नाकारले जातात. एका नकाराची किंमत पाहू. प्रौढ व्यक्तीचे व्हिसा शुल्क ११ जून २०२४ पासून ८० युरोवरून ९० युरो झाले. ६ वर्षे पूर्ण झालेल्या आणि १२ वर्षांखालील मुलाला ४५ युरो, ६ वर्षांखालच्या मुलाला काही नाही. आई, वडील, दहा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा असे चौघे निघाले तर २२५ युरो झाले. त्यावर अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क, जे नियमानुसार साधारणपणे व्हिसा शुल्काच्या निम्म्यापर्यंत असू शकते. नकार आला तर यातला एक युरोही परत मिळत नाही.

होकार आणि नकार या दोन रकान्यांच्या मध्ये आणखी एक टप्पा असतो. अर्ज जातो, ठसे दिले जातात, पासपोर्ट जमा होतो, आणि आठ-दहा दिवसांनी ईमेल येते: अमुक कागद अधिक सादर करा. युरोपीय आयोग दरवर्षी देशनिहाय, वकिलातनिहाय अर्ज, व्हिसे आणि नकार यांचा तक्ता प्रसिद्ध करतो. किती जणांकडे जादा कागद मागितले आणि त्यांतल्या किती जणांना पुढे व्हिसा मिळाला, हा रकाना त्या तक्त्यात नाही. तो असायला हवा. अनेक कुटुंबे ज्या टप्प्यावर अडखळतात, त्याची मोजणी प्रसिद्ध होत नसेल तर तिथे काय सुधारायचे हे ना अर्जदाराला कळते ना यंत्रणेला.

या लेखाचा विषय तोच टप्पा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की जादा कागदांची मागणी म्हणजे कुठल्या तरी एका आकड्याबद्दल पडलेला प्रश्न असतो. तो आकडा शोधून त्याचेच उत्तर दिले तर काम होण्याची शक्यता वाढते. घाबरून घरातली सगळी फाइल स्कॅन करून पाठवली तर प्रश्न तसाच राहतो.

नियम काय म्हणतो

युरोपातल्या २९ देशांच्या शेंगेन क्षेत्राचा व्हिसाचा कायदा एकच आहे: २००९ ची व्हिसा संहिता, क्रमांक ८१०. तिच्यात २०१९ मध्ये मोठा बदल झाला आणि तो २ फेब्रुवारी २०२० पासून लागू झाला. आधी मुदत तीन पायऱ्यांची होती: साधारण १५ दिवस, अधिक तपासणी लागली तर ३० आणि जादा कागद मागवावे लागले तर ६० पर्यंत. आता पायऱ्या दोनच आहेत. स्वीकारण्याजोगा अर्ज दाखल झाल्यापासून १५ दिवसांत निर्णय. एखाद्या अर्जाला अधिक तपासणी लागली तर जास्तीत जास्त ४५ दिवस. हे कॅलेंडरचे दिवस आहेत. दिवाळी, नाताळ, शनिवार-रविवार सगळे त्यात मोजले जातात.

‘स्वीकारण्याजोगा’ अर्ज म्हणजे काय, हे फार कमी जणांना माहीत असते. त्यासाठी मुदतीत अर्ज, भरलेला व सही केलेला फॉर्म, वैध पासपोर्ट, फोटो, बोटांचे ठसे आणि शुल्क एवढेच लागते. बँक स्टेटमेंट, रजेचे पत्र, हॉटेलचे आरक्षण यांपैकी काही कमी असले तरी अर्ज स्वीकारला जाऊ शकतो. म्हणून केंद्रातल्या काउंटरवर फाइल घेतली गेली याचा अर्थ कागद पुरेसे आहेत असा होत नाही. मुंबईत किंवा पुण्यात काउंटरवर बसलेली व्यक्ती यादीप्रमाणे कागद आहेत का एवढे पाहते. अर्जाची तपासणी, मुलाखत आणि निर्णय ही कामे संहितेने फक्त वकिलातीकडे ठेवली आहेत. ‘काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या की चालेल’ या वाक्याला वकिलातीत वजन नाही, आणि तो त्या मॅडमचा दोषही नाही.

पुढे २१ व्या कलमात वकिलातीला अधिकार दिला आहे, की योग्य कारण असेल तर अर्जदाराला मुलाखतीला बोलवावे आणि जादा कागद मागावे. ते कागद किती दिवसांत द्यायचे हे संहितेत ठरवलेले नाही. तो आकडा ईमेलमध्येच असतो, आणि अनेकदा तो काही दिवसांचाच असतो.

इथे आपल्याकडची एक सवय फार महाग पडते. एजंट फॉर्म भरतो तेव्हा अर्जदाराच्या ईमेलच्या आणि मोबाइलच्या रकान्यात स्वतःचा पत्ता आणि स्वतःचा नंबर टाकतो. मे महिन्याच्या हंगामात त्याच्याकडे असे शेकडो अर्ज असतात. वकिलातीची ईमेल त्याच्या इनबॉक्समध्ये पडते आणि ज्यांनी उत्तर द्यायचे त्यांना तिचा पत्ताच नसतो. फॉर्मवर सही करण्यापूर्वी ते दोन रकाने स्वतः वाचा. वडिलांना ईमेल वापरता येत नसेल तर मुलीचा पत्ता द्या, पण तो घरातल्या माणसाचाच असू द्या. रजेच्या पत्रावर कंपनीचा चालू फोन नंबर हवा, कारण वकिलात तिथे फोन करू शकते. तो कोणी उचलला नाही तर पत्र खरे असूनही शंका उरते. हॉटेलचे आरक्षण व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करू नका, तेही तपासले जाऊ शकते.

रक्कम लहान, प्रश्न मोठा

पैशांच्या बाबतीत सगळ्यात मोठा गैरसमज शिल्लक रकमेचा आहे. ‘खात्यात किती असायला हवेत?’ हा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर ऐकून लोकांना आश्चर्य वाटते, कारण ते फार कमी आहे. प्रत्येक देशाने रोजच्या खर्चाचा संदर्भ आकडा जाहीर केलेला असतो. जर्मनीचा आकडा माणशी दिवसाला ४५ युरो आहे. फ्रान्समध्ये हॉटेल आरक्षित असेल तर ६५, नसेल तर १२०, आणि तिथल्या यजमानाने अधिकृत हमीपत्र दिले असेल तर ३२.५० युरो. स्वित्झर्लंड १०० फ्रँक धरते.

दोघे जण १० मे ते २१ मे जर्मनीत राहणार असतील तर ते १२ दिवस होतात, कारण पोहोचल्याचा आणि निघाल्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात. ४५ गुणिले १२ गुणिले २, म्हणजे १,०८० युरो. युरोचा भाव १०० रुपये धरला तर १ लाख ८ हजार. एवढी शिल्लक निवृत्त शिक्षकाच्या खात्यातही असते. तरीही नाकारल्या गेलेल्या अनेकांच्या खात्यात याच्या पाच-दहा पट रक्कम असते.

कारण अधिकारी शिल्लक वाचून थांबत नाही. ती रक्कम तिथे कशी आली, हे तो वाचतो. स्टेटमेंटमध्ये तीन महिने शिल्लक २०-२५ हजारांवर आहे आणि अर्जाच्या आठ दिवस आधी एकदम ४ लाख जमा झाले, तर त्या ४ लाखांमुळे अर्ज मजबूत होत नाही, उलट त्यांच्यावरच प्रश्न उभा राहतो. ओळखीच्याकडून महिन्याभरासाठी पैसे घेऊन खात्यात ठेवायची पद्धत सर्रास आहे आणि वकिलातीला ती ठाऊक आहे. तिथून मागणी येते: मोठ्या जमेचा स्रोत दाखवा.

एफडी मोडली असेल तर तिची पावती आणि खात्यात आलेली नोंद, जुनी गाडी विकली असेल तर विक्रीचे कागद, भावाने दिले असतील तर भावाचे पत्र आणि त्याच्या खात्यातून गेलेल्या रकमेची नोंद. यांतला जो लागू असेल तेवढाच द्यायचा. त्याबरोबर दुसऱ्या बँकेतली एफडी, सोन्याचे मूल्यांकन आणि फ्लॅटचा करारनामा जोडला की तपासणाऱ्याला पन्नास पानांत ती एक नोंद शोधावी लागते. रोज हजारो अर्जांचे काम चालते तिथे इतकी फुरसत कोणाला असणार?

उसाचे पैसे आणि तीन महिन्यांची खिडकी

महाराष्ट्रातला एक मोठा वर्ग असा आहे, ज्याच्याकडे प्रामाणिक उत्पन्न असूनही ते व्हिसाच्या यादीत बसत नाही. या वर्गाबद्दल मला जास्त सांगायचे आहे, कारण यादी बनवताना त्याचा विचार झालेला नसतो आणि एजंटांनाही तो समजावून सांगता येत नाही.

समजा, सांगली जिल्ह्यातले एक शेतकरी दाम्पत्य आहे. मुलगा स्टुटगार्टला इंजिनिअर आहे, सून बाळंत झाली आहे, आणि आजी-आजोबांना तीन आठवडे जायचे आहे. नोकरदारासाठी केलेली यादी त्यांच्या हातात पडते: तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, तीन महिन्यांचे बँक स्टेटमेंट, फॉर्म १६, प्राप्तिकराचे विवरणपत्र, कंपनीचे ना-हरकत पत्र. या पाचांपैकी त्यांच्याकडे एकच आहे. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त असल्यामुळे बहुतेक शेतकरी विवरणपत्र भरतच नाहीत. जे भरतात त्यांच्याही विवरणपत्रात करपात्र उत्पन्न नाममात्र दिसते.

आता त्यांचे स्टेटमेंट पाहू. दोन एकरांत ८० टन ऊस निघाला, तोडणी-वाहतूक वजा जाता हातात टनाला २,८०० रुपये पडले असे धरले, तर २ लाख २४ हजार रुपये झाले. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे कारखान्याने ऊस घेतल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. म्हणजे गाळपाच्या हंगामात एखाद्या दिवशी १८ हजारांच्या शिल्लकीवर एकदम २ लाख २४ हजार जमा होतात, आणि मग वर्षभर त्यांतून खत, मजुरी, पीककर्जाचा हप्ता आणि घरखर्च निघत राहतो. दूध संघाचे दर दहा-पंधरा दिवसांनी थोडे पैसे येतात, तेवढाच नियमित ओघ.

ज्या अधिकाऱ्यासमोर तीन महिन्यांची खिडकी आहे, त्याला यातले काय दिसते? सप्टेंबर ते नोव्हेंबरचे स्टेटमेंट असेल तर उत्पन्न दिसतच नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीचे असेल तर अचानक आलेली मोठी रक्कम दिसते, नेमकी तशीच जशी उसनवारी करणाऱ्याच्या खात्यात दिसते. दोन्ही बाजूंनी शंका. शेतकरी खरा आणि त्याचा पैसाही खरा. पण वर्षाच्या चक्राने येणारा पैसा तीन महिन्यांच्या मापाने मोजला जातो आणि त्या मापात तो बसत नाही.

इथे जादा कागदांची मागणी आली तर ती चांगली गोष्ट समजावी, कारण अधिकाऱ्याने नकाराचा शेरा मारण्याऐवजी विचारायचे ठरवले आहे. उत्तरात तीन आकडे एकमेकांना जुळवून दाखवायचे. पहिला, कारखान्याच्या ऊस बिलावरचे वजन आणि रक्कम. दुसरा, त्याच तारखेच्या आसपास त्याच रकमेची बँकेतली जमा. तिसरा, मागच्या हंगामातली तशीच जमा, आणि त्यासाठी स्टेटमेंट तीन महिन्यांचे न देता किमान १५ महिन्यांचे द्यायचे. दोन वर्षे त्याच महिन्यांत त्याच कारखान्याकडून पैसे आलेले दिसले की हा माणूस ऊस पिकवतो आणि पुढच्या हंगामातही त्याला शेतात असावे लागेल, या दोन्ही गोष्टी एकदम सिद्ध होतात. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, कारण परत येण्याच्या इच्छेबद्दलची शंका हे नकाराच्या नेहमीच्या कारणांपैकी एक आहे.

सात-बारा जोडताना मात्र काळजी घ्यायला हवी. डिजिटल सहीचा उतारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो, त्यामुळे तलाठ्याच्या सही-शिक्क्यासाठी खेटे घालायची गरज उरलेली नाही. पण तो मराठीत आहे, आणि त्यावर बहुतेकदा सामाईक खातेदार असतात. दोन भाऊ, आई, कधी लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावे, आणि सगळ्यांचे मिळून १ हेक्टर ६० आर. भाषांतर करणारा ते क्षेत्र जसेच्या तसे उतरवतो, आणि वाचणाऱ्याला वाटते की ही सगळी जमीन अर्जदाराची आहे, किंवा यातली काहीच त्याची नाही. म्हणून सात-बाऱ्याबरोबर आठ-अ द्यावा, ज्यात खातेदाराच्या नावावरची जमीन एकत्र दिसते, आणि भाषांतराखाली अर्जदाराचा हिस्सा किती ते एका ओळीत लिहावे. पीक पाहणीत ऊस नोंदवलेला असेल तर ती नोंद भाषांतरात गाळू देऊ नका. कारखान्याचे बिल आणि जमीन यांना जोडणारा धागा तोच आहे.

द्राक्ष, डाळिंब, कांदा यांचेही तसेच. बाजार समितीतल्या आडत्याची पट्टी म्हणजेच बिल. ती रोखीत निकाली निघाली असेल तर बँकेत तिचा मागमूस नसतो, आणि मग ती फक्त कागद राहते. पुढच्या वर्षी परदेशी जायचा विचार असेल तर या वर्षीच्या पट्ट्यांचे पैसे बँकेतून घ्या, हा सल्ला वर्षभर आधी मिळाला तरच कामाचा.

मुलाचे हमीपत्र असले की वडिलांच्या कागदांची गरज नाही, असाही समज आहे. जर्मनीत मुलगा परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन २९ युरो भरून औपचारिक खर्चहमी देऊ शकतो, आणि ती सहा महिन्यांच्या आत वापरायची असते. ती खर्चाचा प्रश्न सोडवते. आई-वडील परत येतील का, या प्रश्नाला ती हात लावत नाही. त्याचे उत्तर सांगलीतच आहे: शेत, जनावरे, पेन्शन, दुसरा मुलगा, चालू असलेले पीककर्ज.

नोकरदारांच्या तारखा आणि नावे

पगारदारांचा प्रश्न सोपा असतो आणि तरी त्यांच्याकडेही कागद मागितले जातात, बहुतेक वेळा आकड्यांच्या किरकोळ फरकामुळे. सॅलरी स्लिपवर निव्वळ पगार ६८,४५० आहे आणि बँकेत ६६,२५० जमा झाले, कारण पतसंस्थेचा २,२०० चा हप्ता परस्पर कापला गेला आणि तो स्लिपवर दाखवलेला नाही. कंपनीच्या लेखा विभागाकडून दोन ओळींचे पत्र घेतले की प्रश्न संपतो.

तारखांचा घोळ यापेक्षा वरचेवर होतो. मुंबईहून युरोपकडे जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. माणूस ९ तारखेच्या रात्री घरातून निघतो, तिकिटावर १० तारीख असते, रजा ९ पासून असते आणि विमा ११ पासून काढलेला असतो, कारण एजंटाने ‘पोहोचायला एक दिवस’ धरला. परतीला २१ ला फ्रँकफर्ट सोडले की मुंबईत २२ उजाडते. फॉर्म, तिकिटाचे आरक्षण, हॉटेल, विमा आणि रजा या पाच ठिकाणच्या तारखा एका कोऱ्या कागदावर एकाखाली एक लिहून पाहा. फरक लगेच दिसतो. विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि मुक्कामाचा प्रत्येक दिवस झाकणारा हवा. एक दिवस कमी पडला तरी तो अपुरा ठरतो.

नावांचा प्रश्न खास आपला. पासपोर्टवर लग्नानंतरचे नाव, पॅनवर माहेरचे, बँकेत ‘सौ.’ लावून नवऱ्याचे नाव मध्ये, आणि सात-बाऱ्यावर वडिलांच्या हयातीतले. महाराष्ट्रातल्या बायकांना हे इतके अंगवळणी पडलेले असते की ही चारही नावे एकाच बाईची आहेत हे दुसऱ्याला कळणार नाही, असे त्यांना वाटतच नाही. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि गरज असल्यास राजपत्रातली नोंद पहिल्याच फाइलमध्ये ठेवली तर मागणी येतच नाही. दुकानदारांसाठी गुमास्ता परवाना, जीएसटीची विवरणपत्रे आणि चालू खात्याबरोबर बचत खात्याचेही स्टेटमेंट; पेन्शनरांसाठी पेन्शन आदेश आणि दरमहाची जमा. यात फारसे वाद नाहीत.

उत्तर कसे लिहावे

एक पान पुरते. वर अर्जाचा क्रमांक, पासपोर्ट क्रमांक आणि मागणीची तारीख. खाली मागणीतला मुद्दा आणि त्याचे एका वाक्यात उत्तर: ‘१२ जानेवारीला जमा झालेले २ लाख २४ हजार रुपये हे उसाचे बिल आहे, बिल जोडपत्र १, बँकेतली नोंद जोडपत्र २ पान ४, मागच्या वर्षीची नोंद पान ११.’ त्या नोंदींवर पेनने खूण करा. इतके लिहायला इंग्रजी फार यावे लागत नाही.

जो कागद अस्तित्वातच नाही, तो नाही असे लिहून सांगा आणि त्याऐवजी काय देता ते सांगा. निवृत्त माणसाकडे सॅलरी स्लिप मागितली गेली तर गप्प बसू नये आणि कुठून तरी बनवूनही आणू नये. बनावट कागद हे स्वतंत्र नकाराचे कारण आहे, आणि त्याची नोंद सामाईक माहिती प्रणालीत पाच वर्षांपर्यंत राहते, जी सगळ्या शेंगेन देशांच्या वकिलातींना दिसते. आधीच्या नकारामुळे पुढचा अर्ज आपोआप नाकारला जाऊ नये असे संहितेतच म्हटले आहे, पण खोट्या कागदाचा डाग साध्या नकारासारखा पुसला जात नाही. ‘आपण करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाचे नाव त्या नोंदीत नसते. अर्जदाराचे असते.

अधिकाऱ्याने किती पुराव्यावर समाधान मानावे, यावर युरोपीय न्यायालयाने १९ डिसेंबर २०१३ रोजी कुश्काकी खटल्यात निकाल दिला. एका इराणी नागरिकाला जर्मनीने व्हिसा नाकारला होता. न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. संहितेत दिलेल्या कारणांखेरीज दुसऱ्या कारणाने व्हिसा नाकारता येत नाही. पण अर्जदार परत जाईल याची खात्री अधिकाऱ्याला पटायलाच हवी असेही नाही. वाजवी शंका आहे की नाही एवढेच त्याने ठरवायचे आणि ते ठरवताना त्याला मोठी मोकळीक आहे. अर्जदाराच्या दृष्टीने पहिला भाग दिलासा देणारा आणि दुसरा कठीण. जादा कागद मागितले जातात ते या वाजवी शंकेपाशीच.

इतर देशांत हाच प्रसंग वेगळ्या रूपात येतो. अमेरिकेत मुलाखतीनंतर कागद अपुरे वाटले तर २२१(जी) या कलमाखाली लेखी सूचना मिळते. तांत्रिकदृष्ट्या तो नकारच असतो, पण कागद द्यायला एक वर्ष मिळते आणि त्या काळात नव्याने १८५ डॉलर भरावे लागत नाहीत. परत येण्याबद्दल खात्री पटली नाही म्हणून २१४(बी) कलमाखाली मिळणारा नकार वेगळा. तिथे कागद नंतर पाठवून उपयोग नाही, नवा अर्ज करावा लागतो. भारतीयांच्या बाबतीत पर्यटक-व्यावसायिक व्हिसाच्या नकाराचे प्रमाण २०२३ च्या आर्थिक वर्षात सुमारे ११ टक्के होते, २०२४ मध्ये १६ टक्क्यांवर गेले. ब्रिटनमध्ये अधिकारी हातात असलेल्या कागदांवरच निर्णय देऊ शकतो, विचारणे त्याला बंधनकारक नाही. तिथे मागणी येईल अशी वाट पाहत अर्धी फाइल देणे धोक्याचे आहे.

वेळेचे गणित

शेंगेन अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो. १ मे ला निघायचे असेल तर पहिला दिवस १ नोव्हेंबर आणि शेवटचा १६ एप्रिल. बहुतेक जण या शेवटच्या टोकाच्या आसपास पोहोचतात, कारण शाळेची परीक्षा, रजेची मंजुरी आणि केंद्रातली अपॉइंटमेंट सगळे मार्च-एप्रिलमध्ये एकत्र येते. पण ४५ दिवसांची मुदत वापरली गेली तर १ मे च्या प्रवासासाठी १७ मार्चपूर्वी अर्ज आत असायला हवा, आणि पासपोर्ट कुरिअरने परत यायचे दिवस त्याहून वेगळे. जानेवारी-फेब्रुवारीत अर्ज केला तर जादा कागदांची ईमेल नुसती ईमेल राहते. १० एप्रिलला केला तर तीच ईमेल सहल बुडवते. विमानाच्या तिकिटाचे फक्त आरक्षण पुरते. परतावा न मिळणारे तिकीट व्हिसाआधी काढल्याने अर्जाला काही फायदा होत नाही.

लवकर आणि नीट अर्ज करण्याला आता आणखी एक कारण आहे. १८ एप्रिल २०२४ रोजी युरोपीय आयोगाने भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकांसाठी नवा नियम केला. मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन ते नियमाप्रमाणे वापरले असतील तर दोन वर्षांचा, अनेकदा प्रवेश देणारा व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पासपोर्टची मुदत पुरेशी असेल तर पाच वर्षांचा. बोटांचे ठसे ५९ महिने पुन्हा वापरता येतात. स्टुटगार्टच्या नातवंडाला दरवर्षी भेटायला जाणाऱ्या आजी-आजोबांसाठी पहिले दोन अर्ज स्वच्छ जाणे म्हणजे पुढे दरवर्षीच्या या फेऱ्यातून सुटकेची शक्यता.

आणि नकार आलाच तर? छापील नमुन्यावर कारणाच्या चौकटीत खूण करून पत्र मिळते, आणि अपिलाचा हक्क संहितेने दिलेला आहे. ते ज्या देशाने नाकारले त्याच्या कायद्याप्रमाणे चालते. जर्मनीत पूर्वी वकिलातीकडेच फुकट फेरविचाराचा अर्ज करता येई. १ जुलै २०२५ पासून ती सोय जगभर बंद झाली. आता जर्मन नकारानंतर दोनच मार्ग उरतात: बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा, किंवा नवे ९० युरो भरून नवा अर्ज. पूर्वी नकारानंतर उसाचे बिल दाखवून चूक दुरुस्त करायला जागा होती, ती आता नकाराच्या आधीच आहे, आणि तिची मुदत त्या ईमेलमध्ये लिहिलेली असते. नवा अर्ज करायचा झाला तर जुन्या पत्रावर खूण केलेल्या चौकटीचे उत्तर नव्या फाइलच्या पहिल्या पानावर द्यावे, आणि फॉर्म स्वतःच्या ईमेलवरच भरावा.